खोली तीन: ठीक

जमलेले सगळे भाऊ, बहिणी. भालचंद्रचे शेजारी, धुळ्याच्या क्लासमधली त्याची मुलं-मुली, कंपनीतली मंडळी, असोद्याहून आलेले आबा आणि त्यांच्याबरोबरचे सगळे. वहिनी. आणि ऋतुजा, बेटा.

माझ्या आधी बरेच जण बोलले. चांगलं बोलले. मला तसं येत नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मी नशिराबादचा सुभाष, पॅनेलवाला. पंपांचे, मोटारींचे, केळी पिकवायच्या खोल्यांचे कंट्रोल पॅनेल बनवतो. शाळा अर्ध्यात सुटली. जे शिकलो ते मोटार वाइंडिंगच्या दुकानात, शेठच्या शिव्या खात. लग्नात, उद्घाटनात लोक मला बोलायला उभं करतात, मी दोन गमती सांगतो, लोक हसतात, मी खाली बसतो. आज ते चालणार नाही. आणि रडायचं म्हटलं तर ते घरी रडून झालंय. मग उभा कशाला राहिलो? बोलायला अवघड जातंय, पण न बोलता घरी जाणं त्याहून अवघड आहे.

तो कूलर जरा बंद कराल का कुणी? गरम होईल, होऊ द्या. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे.

माझे कान तिखट आहेत. धंदाच तसा आहे, पॅनेलजवळ उभं राहिलो की आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा खटका, कसा वाजतोय त्यावरून मला दोष कळतो. तर आत्ता बाहेर चपला काढताना दोघं बोलत होते. एक म्हणाला, "माणूस हुशार होता, पण त्या केळीच्या प्रकरणात यानेच घाण केली होती ना?" दुसरा म्हणाला, "जाऊ दे रे. गेलेल्या माणसाबद्दल कशाला."

गेलेल्या माणसाबद्दल कशाला. ऐकायला किती सभ्य वाक्य आहे. म्हणजे आरोप जिथल्या तिथे ठेवायचा आणि वरून फुलं वाहायची.

राख सावडून आलो त्या दिवशी ऋतुजा माझ्याजवळ आली. ती कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, बापाच्याच लाइनीत. तिने एकच विचारलं. "काका, बाबांनी चूक केली होती का?" मी म्हटलं, बेटा, याचं उत्तर मी तुला कानात सांगणार नाही. ज्या चारचौघांत तुझ्या बापाचं नाव खराब झालं, त्याच चारचौघांत सांगेन. ते सगळे आज इथे आलेत. म्हणून मी उभा आहे.

भालचंद्र मला भेटला तो भांडायलाच. धुळ्याला रफिकशेठच्या केळीच्या खोल्यांचं काम चालू होतं. पॅनेल माझं, आणि त्याला जोडायचा डबा जळगावच्या कंपनीचा, जिथे भालचंद्र नोकरीला होता. त्या डब्यातला प्रोग्रॅम भालचंद्रने लिहिलेला. खोलीचं तापमान किती, पिकवायचा गॅस किती, थंड करायचं यंत्र कधी चालू करायचं, कधी बंद करायचं, सगळं तो डबा ठरवणार आणि शेठच्या मोबाईलवर कळवणार. हा बारका, चष्मेवाला माणूस आला. नमस्कार नाही, चहा नाही. माझ्या पॅनेलचा दरवाजा उघडून म्हणतो, "भाऊ, हा हिरवा दिवा कशाला जोडलाय?"

मी म्हटलं, यंत्र चालू झालं की पेटतो.

"यंत्र चालू झालं की पेटतो, की चालू करायचा हुकूम दिला की पेटतो?"

मला राग आला. राग यायचं कारण असं की, प्रश्न बरोबर होता. बाजारात निम्मी पॅनेलं अशी आहेत की दिवा बटणाला जोडलेला असतो. बटण दाबलं की दिवा लागतो. यंत्र फिरतंय का जळालंय, दिव्याला पत्ता नसतो. मी म्हटलं, "महाजन साहेब, माझा दिवा यंत्राला जोडलाय, बटणाला नाही. वायर मोजून बघा." त्याने खरंच मोजून बघितली. मग म्हणाला, "आता चहा पिऊ."

असा माणूस. इथे कुणीतरी म्हणालं, मनमिळाऊ होता. कुठला मनमिळाऊ? वहिनी, तुम्हीच सांगा. बारशाला गेला तर पाळण्याची गाठ तपासेल. चूक दाखवताना समोर कोण आहे ते बघायचा नाही. क्लासमधल्या पोरांना "तुझ्या डोक्यात काय भरलंय, भुसा का सरकी?" असं विचारायचा. हो ना रे? ते बघा, मान हलवतायत. आणि तीच पोरं आज धुळ्याहून एसटीने उभं राहून आलीत.

आता मला एक गोष्ट समजावून सांगू द्या. त्यात त्याचं सगळं प्रकरण आहे. मला ती त्यानेच शिकवली, त्या चहाच्या वेळी. कॉम्प्युटरवाल्यांना ठाऊक असेल, बाकीच्यांनी घाबरू नका, मला समजली म्हणजे तुम्हाला समजेलच.

प्रोग्रॅमच्या आत प्रत्येक गोष्टीची एक मूर्ती असते. रफिकशेठची तिसरी खोली घ्या. कॉम्प्युटरच्या पोटात त्या खोलीची एक वस्तू असते. तिच्यात तिचा नंबर, तापमान, गॅस, दार उघडं का बंद, शेवटचं माप कधी आलं, सगळं भरलेलं. पण ती वस्तू तुम्हाला-आम्हाला दिसत नाही. दिसायची असेल तर तिची अक्षरं करावी लागतात. भालचंद्र म्हणायचा, अक्षरं दोन प्रकारे करावी लागतात, कारण वाचणारे दोन आहेत.

एक वाचणारा रफिकशेठ. त्याला एक ओळ पाहिजे. "खोली तीन, सतरा अंश, थंड होतेय." बास. त्याला त्यातून कळलं पाहिजे की जागेवरून उठायचं का नाही.

दुसरा वाचणारा, जो दोष शोधायला बसतो तो. त्याला सगळं उघडं पाहिजे. कंस, स्वल्पविराम, काहीही असो, दिसायला घाण असो, पण आत जे आहे ते जसंच्या तसं. तापमान आलं नसेल तर तिथे "काही नाही" असं लिहिलेलं पाहिजे. आकडा आहे का आकड्यासारखी दिसणारी अक्षरं आहेत, तेही कळलं पाहिजे. मला त्याने एक गंमत दाखवली होती. सावद्याच्या एका व्यापाऱ्याला मेसेजच जात नव्हते. स्क्रीनवर नाव बरोबर, नंबर बरोबर. भालचंद्रने दुसऱ्या प्रकारची अक्षरं काढली, तिथे नावाच्या भोवती अवतरणचिन्हं असतात. तर नाव संपल्यावर, चिन्ह बंद व्हायच्या आधी, एक रिकामी जागा. कुणीतरी नाव टाकताना चुकून स्पेस मारली होती. साध्या वाचनात ती रिकामी जागा दिसणार कशी? मला म्हणतो, "भाऊ, हे तुमच्या पॅनेलसारखंच आहे. पुढच्या दरवाजावर दिवे, ते चालवणाऱ्यासाठी. दरवाजा उघडला की वायरींना नंबर घातलेले, ते दुरुस्त करणाऱ्यासाठी. दिवे चांगले दिसतात म्हणून कुणी आतले नंबर काढून टाकतं का?"

मी म्हटलं, काढून टाकणारा भेटला तर त्याला माझ्या दुकानात उभं करणार नाही.

हसतोय आपण. तेव्हाही हसलो होतो.

रफिकशेठसाठी जी ओळ लिहायची, तिच्यात त्याने किती जीव ओतला ते रफिकशेठना विचारा. ते बसलेत तिकडे. आधी त्याने लिहिलं होतं, "संवेदकाकडून प्रतिसाद प्राप्त होत नाही." रफिकशेठनी वाचलं आणि म्हणाले, "महाजनभाई, ये क्या है, कोर्टाची नोटीस आली का मला?" भालचंद्र चिडला. पण दुसऱ्या दिवशी बदललं. "खोली तीन: तापमान कळत नाही. जाऊन बघा." रफिकशेठ म्हणाले, "आता कळलं. आता मी चप्पल घालीन."

त्याचं म्हणणं एवढंच होतं. मोबाईलवरची ओळ छोटी असू दे, सोपी असू दे. दहातल्या नऊ गोष्टी गाळ. पण जे माहीत नाही ते माहीत आहे असं तिने म्हणायचं नाही.

आता पुढचं ऐका.

मी कंपनीत नवीन पॅनेल घेऊन गेलो होतो, टेबलावर ठेवून जोडणी तपासायची होती. भालचंद्र त्याच्या जागेवर. मी टेबलाखाली वाकून वायर कसत होतो. कंपनीचे साहेब आले. साहेबांचं नाव मी घेणार नाही. गरज नाही, ते चौथ्या रांगेत बसलेत, आत्ताच माझ्याआधी बोलून गेलेत. भालचंद्र आमच्या कंपनीचा आधारस्तंभ होता, असं म्हणाले. ऐकलंत ना सगळ्यांनी?

साहेब म्हणाले, "महाजन, ते जाऊन बघा, जाऊन बघा काढून टाका. कस्टमर घाबरतो. रोज फोन येतात."

भालचंद्र म्हणाला, "रोज फोन येतात कारण रोज कुठेतरी सेन्सर सुटतोय. सेन्सर चांगले घ्या, फोन थांबतील."

"सेन्सर दोन मिनिटांत परत लागतो. तेवढ्यात कशाला बोंब? माप आलं नाही तर आधीचं माप दाखवा आणि पुढे ठीक लिहा."

"आणि दोन मिनिटांत नाही लागला तर?"

साहेब म्हणाले, "आपण समाधान विकतो, महाजन."

मी टेबलाखाली होतो. हातातला स्क्रू तसाच धरून राहिलो.

मग साहेबांनी दुसरं काढलं. हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला होता. त्यावर लॉग चालायचा, म्हणजे प्रोग्रॅम आपलं आपण एकेक ओळ लिहीत जातो ना, की आत्ता काय झालं, तो. त्यात भालचंद्रची दुसरी अक्षरं यायची, कंसवाली. साहेब म्हणाले, "पुण्याहून पाहुणे येणार आहेत. ही कंसांची रांगोळी त्यांना दाखवायची का? इथेही तीच साधी ओळ येऊ दे. एकसारखं दिसेल."

भालचंद्र म्हणाला, "मग दोष आला तर मी काय वाचू?"

"दोष येऊ देऊ नका."

"मी हे करणार नाही."

तेव्हा साहेब म्हणाले, "उठा." भालचंद्र उठला. साहेब त्याच्या खुर्चीत बसले. साहेबही एकेकाळी चांगला प्रोग्रॅम लिहायचे, त्यांना येत नाही असं नाही. त्यांनी टकाटक काहीतरी बदललं. चार ओळी असतील नसतील. भालचंद्र मागे उभा, मी टेबलाखालून अर्धा बाहेर. साहेबांनी बदल पाठवून दिला. भालचंद्रच्या मशीनवरून, भालचंद्रच्या नावाने. इथले कॉम्प्युटरवाले समजले असतील मी काय म्हणतोय. मशीन विचारत नाही की खुर्चीत कोण बसलंय. ज्याचं नाव चालू, त्याच्या नावावर काम जातं. फाईलच्या वरही नाव त्याचंच. भालचंद्र महाजन.

साहेब उठले, माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "काय भाऊ, झालं का पॅनेल?" आणि गेले.

भालचंद्र खुर्चीत बसला नाही. उभाच होता. मी म्हटलं, चल, चहा पिऊ. तर म्हणतो, "भाऊ, त्यांनी दिवा बटणाला जोडला."

मग रमजान आला. रमजानमध्ये केळीला काय मागणी असते ते धुळ्या-मालेगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. रफिकशेठनी सगळ्या खोल्या भरल्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, हिरवी केळी आत लावायची, गॅस सोडायचा आणि दार बंद करायचं. मधे उघडायचं नाही. उघडलं की गॅस गेला, माल एकसारखा पिकत नाही. पूर्वी जुने लोक दाराच्या फटीला नाक लावून वास घ्यायचे, भिंतीला हात लावून बघायचे. आता मोबाईल आहे. मोबाईल सांगतो, म्हणून माणूस दाराशी जात नाही. रफिकशेठनी तिथल्या माणसाला फोन करून विचारलं, तोही मोबाईल बघूनच म्हणाला, "बठ्ठं ठीक शे, शेठ." सगळं ठीक.

तिसऱ्या खोलीत उंदराने सेन्सरची वायर कुरतडली होती. माप येईना. माप येईना म्हणून थंड करायचं यंत्र लागेना. आणि केळी पिकायला लागली की ती स्वतःच तापते, एवढा माल, बंद खोली. मोबाईलवर काय येत होतं? खोली तीन: सतरा अंश, ठीक. थोड्या वेळाने पुन्हा, खोली तीन: सतरा अंश, ठीक. ते सतरा आधीच्या दिवशीचे होते.

दार उघडलं तेव्हा मी तिथे होतो, दुसऱ्या खोलीच्या कामाला गेलो होतो. मला त्या वासाचं वर्णन करायला सांगू नका. केळी हाताला लागत नव्हती, बोटं आत जात होती. रफिकशेठ ओट्यावर बसले. रोजा होता त्यांचा. संध्याकाळी गाड्या लागायच्या होत्या, मशिदींच्या बाहेरचे गाडीवाले वाट बघत होते.

रफिकशेठ कंपनीत गेले. तिथलं मी पाहिलेलं नाही, मला बोलावलं नव्हतं. रफिकशेठनीच मला नंतर सांगितलं, तेच सांगतो. चुकत असेल तर शेठ, मला थांबवा. साहेबांनी सगळ्यांसमोर लॉग उघडला. पानंच्या पानं. खोली तीन: ठीक. खोली तीन: ठीक. खोली तीन: ठीक. भालचंद्रला विचारलं, वायर कधी तुटली, माप कधी थांबलं, दाखवा. आता तो दाखवणार कशातून? ज्यातून दिसलं असतं ती कंसांची अक्षरं साहेबांनी काढून टाकलेली. तो म्हणाला, "हे मी लिहिलेलं नाही." साहेबांनी फाईल वर सरकवली आणि विचारलं, "हे नाव कुणाचं आहे?"

हे नाव कुणाचं आहे. ज्या माणसाने ते नाव तिथे असताना स्वतःच्या बोटांनी ओळी बदलल्या, त्याने विचारलं.

रफिकशेठ त्या दिवशी भालचंद्रवर ओरडले. काय काय बोलले ते त्यांनी वहिनींना घरी येऊन सांगितलंय आणि त्याची माफी मागितलीय, ते त्या दोघांत राहू दे. त्यांची चूक नव्हती. समोर नाव दिसत होतं, समोर ठीक दिसत होतं. त्यांनी वाचलं ते खरं मानलं. माणूस आणखी काय करतो?

मला कळलं तसा मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. भालचंद्र नको म्हणत होता. म्हणाला, "भाऊ, तुमची पॅनेलं तिथे जातात, मधे पडू नका." मी गेलो. म्हटलं, साहेब, मी टेबलाखाली होतो, मी ऐकलंय. साहेब म्हणाले, "भाऊ, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?" आणि चहा मागवला. त्यानंतर माझं पॅनेल त्या कंपनीत गेलं नाही. मी जिथे जिथे ही गोष्ट सांगितली तिथे लोक म्हणाले, ऑर्डर गेली म्हणून पॅनेलवाला जळतोय. ठीक. तेही ऐकून घेतलं.

भालचंद्रला कुणी काढलं नाही बरं का. कागदावर त्याने राजीनामा दिला. वैयक्तिक कारणामुळे. तेही छान वाचता येतं. जळगावात दुसऱ्या कुणी घेतलं नाही. गेलं की आधी कंपनीला फोन जायचा, मग "कळवतो" म्हणायचे. शेवटी धुळ्याला क्लासमध्ये शिकवायला लागला. रोज एसटीने जाऊन-येऊन.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज गप्प बसलो असतो, कदाचित. पण साहेबांना कॉलेजमध्ये भाषणाला बोलावलं. ऋतुजाच्या कॉलेजमध्ये. विषय काय, तर सॉफ्टवेअरमधली जबाबदारी. साहेबांनी तिथे गोष्ट सांगितली. एक प्रोग्रॅमर होता, त्याच्या निष्काळजीपणामुळे एका गरीब व्यापाऱ्याचा ऐन सणात माल सडला. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. वर्गात अर्धे जण मागे वळून ऋतुजाकडे बघायला लागले.

ती घरी आली. बापाला विचारलं. भालचंद्र, ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची बारीक चूक सोडली नाही, तो पोरीला म्हणाला, "नाव माझं होतं ना वर." आणि पेपर वाचायला लागला.

यात मी त्याला माफ करत नाही. फोटोकडे बघून सांगतो, भालचंद्र, यात मी तुला माफ करत नाही. ज्या दुखण्यात गेलास त्याची कळ डॉक्टरला तू बरोबर सांगितलीस. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत, जिना चढताना, बसल्यावर थांबतं, कालपेक्षा आज जास्त. डॉक्टर मला म्हणाले, असा पेशंट बघितला नाही, सगळं मोजून सांगतो. आणि तोच दवाखान्यातून घरी आला की वहिनी विचारायच्या, काय म्हणाले डॉक्टर? तर म्हणायचा, "ठीक आहे." वहिनींना तेवढंच. शेवटपर्यंत तेवढंच. त्यांना जाऊन बघा असं कळलं असतं तर त्या बसून राहिल्या असत्या का? ज्या गोष्टीवरून तू नोकरी सोडलीस, तीच तू घरात केलीस. कुणाच्या भीतीने केलीस? वहिनी घाबरतील म्हणून. साहेबही तेच म्हणत होते, कस्टमर घाबरतो.

मला राग येतोय. येऊ द्या. दोन मिनिटं थांबा, पाणी पितो.

मघाशी आत येताना दारात साहेब भेटले. माझा हात धरला. म्हणाले, "भाऊ, चार चांगले शब्द बोला. जुनं कशाला? कुटुंबाला त्रास होईल." मी म्हटलं, साहेब, तुम्ही मला कुटुंबाचा त्रास सांगू नका, मी तो बघून आलोय. हसून म्हटलं. मला भांडण करायचं नव्हतं आणि आताही करायचं नाही. इथे कुणी साहेबांना काही बोलायचं नाही. मुलांनो, तुम्हालाही सांगतोय. बाहेर गेल्यावर गाडीभोवती उभं राहायचं नाही. तसं केलंत तर भालचंद्रचं नाव पुन्हा एकदा भलत्या कामाला लागेल.

ऋतुजा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. तुझ्या बाबांनी ती चूक केली नाही. त्यांनी ती होऊ नये म्हणून खुर्चीतून उठायचं पत्करलं. खुर्ची रिकामी झाली आणि तिथे दुसरा बसला. बसलेला मी पाहिला.

पण बेटा, मी पॅनेलवाला आहे. मी सांगून तुझं समाधान होईल, तुझ्या वर्गाचं होणार नाही. चपलांपाशी बोलणाऱ्या त्या दोघांचं होणार नाही. ते म्हणतील, मित्र होता, बोलणारच. कंपनीतल्या त्या खोलीत आम्ही तीन माणसं होतो. एक त्या फोटोत आहे. एक मी, आणि माझं तुम्ही ऐकलंत. तिसरे चौथ्या रांगेत आहेत.

साहेब, तुमच्याकडे माझी कसली मागणी नाही. कोर्ट नाही, कागद नाही. तुम्ही मघाशी या माईकवर आलात, आधारस्तंभ म्हणालात, फूल वाहिलंत. फक्त एक वाक्य राहिलं. ते बदल कुणी केले, एवढं एक वाक्य. तुम्हाला छान बोलता येतं, माझ्यापेक्षा किती तरी छान. हे मात्र छान नाही बोललं तरी चालेल. पोरगी समोर बसलीय, तिच्याकडे बघून बोला.

आता रिवाजाप्रमाणे आपण उभं राहून मौन पाळतो. दोन मिनिटं, मग कुणीतरी पुढून हात जोडतो आणि आपण चपला शोधायला जातो. आज मी घड्याळ बघणार नाही. आज मी हातही जोडणार नाही. हे मौन संपवायचं काम माझं नाही, तुमचंही नाही. ते एकाच माणसाने मोडायचं आहे, आणि तो मोडेपर्यंत मी इथे उभा आहे. ज्यांना पाय दुखत असतील, आबा, त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल जावं, मी कुणाचा राग धरणार नाही.

माईक मी इथे टेबलावर ठेवतोय. चालू ठेवतोय.

उभे राहा.